एकशे सहा घोडे

दहावीच्या परीक्षेचं पर्यवेक्षण होतं आणि गाडी अतिग्रेच्या अलीकडे धक्के खात थांबली. बॉनेट उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला तर तेलात बुडवल्यासारखा काळा आणि ओला. डिकीत पॉलिश पेपरचा तुकडा असतो, कारण गेली दोन वर्षं माझ्यावर ही वेळ अधूनमधून येतेच. प्लग घासला, परत लावला आणि केंद्रावर दहा मिनिटं उशिरा पोहोचलो. केंद्रसंचालकांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्या तेलकट हातांकडे पाहिलं आणि काही न बोलता उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे केला. रोजे चालू होते, त्यामुळे चहा पिऊन लाज गिळण्याची सोयही नव्हती.

गाडी म्हणजे 2002 ची होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक. ज्यांना गाड्यांचा नाद आहे त्यांना पुढं सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: 1493 सीसीचं इंजिन, 106 अश्वशक्ती. 2000 साली ही गाडी भारतात आली तेव्हा साध्या घरगुती गाडीत एवढा दम कुणी दिला नव्हता. मी बीएड करत होतो तेव्हा कॉलेजच्या आवारात एकाची उभी असायची आणि मी पाठ टाचणं लिहायची सोडून तिच्याकडे बघत बसायचो. पुढं 2011 मध्ये एका डॉक्टरांकडून ती जुनी घेतली. तेव्हापासून कोल्हापूर ते इचलकरंजी, जाऊन येऊन साधारण साठ किलोमीटर, शाळेच्या रोजच्या कामाला तीच. शिक्षकाला असली गाडी शोभत नाही असं सांगणारे भेटतात. त्यांना मी आता उत्तर देत नाही.

त्या दिवशी परतताना सरळ उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, ऑइल खातेय.

"खात न्हाई सर, पितीया," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी आधी इंजिन उघडलं नाही, हे मला आवडलं. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. पहिला 160, दुसरा 155, तिसरा 105, चौथा 150. मग तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर 145. ऑइल टाकल्यावर आकडा वर चढला म्हणजे गळती पिस्टन रिंगांपाशी आहे. चढला नसता तर दोष व्हॉल्व्हमध्ये निघाला असता. शिवाय सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळा धूर येतो तो व्हॉल्व्हच्या सीलचा, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर येतो तो रिंगांचा. माझ्याकडे दोन्ही होते. निदान पक्कं झालं. इंजिन उतरवून काम करावं लागणार, अंदाजे 92 हजार.

आता खरी पंचाईत. इंजिन उतरवायचंच आहे, तर आहे तसंच पुन्हा बांधायचं, की त्यात काही मोठं करून घ्यायचं?

हा विचार माझ्या डोक्यात आपोआप आला असं म्हणणार नाही. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात गाड्या ट्यून करतो. दहावीला असताना उर्दूच्या वहीत गझलेऐवजी सायलेन्सरची चित्रं काढायचा. त्याला फोन केला तर तो खूश झाला. "सर, उतरवताच आहात तर टर्बो टाकू या. दोनशे घोडे काढून देतो. तुमच्याकडून फक्त सामानाचे पैसे." सामानाचे म्हणजे तीन लाखांपासून पुढे. दुसरा मार्ग त्याने सांगितला तो होंडाचंच मोठं इंजिन आणून बसवायचा.

दोन रात्री मी झोपलो नाही. तरावीह पढून आलो की मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचो. बायको म्हणाली, "इबादत का महिना हय, और तुमे टर्बो गिन रये." खोटं बोलत नव्हती.

मग मी कागद घेऊन बसलो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरायची. जास्त हवेला जास्त पेट्रोल, म्हणजे इंजेक्टर बदला, पंप बदला. कंपनीच्या संगणकाला हे कळत नाही, म्हणजे तोही बदला किंवा फसवा. उष्णता वाढते, म्हणजे मोठा रेडिएटर. दाबाने पेट्रोल वेळेआधीच भडकू नये म्हणून जास्त ऑक्टेनचं पेट्रोल.  मग क्लच घसरणार, तो बदला. गिअरबॉक्स 106 घोड्यांसाठी बनवलेला, त्याने दोनशे किती दिवस ओढायचे? आणि एवढं सगळं करून ब्रेक मात्र 2002 चेच. इंजिन मोठं करायचं म्हणजे एक भाग बदलायचा नसतो, त्याच्यामागे गाडीचे सगळेच भाग रांगेत उभे राहतात. दुसरं इंजिन बसवायचं तर आरसी बुकावर इंजिन नंबर आणि सीसी लिहिलेले आहेत. कंपनीने दिलेल्या तपशिलात मालकाने फरक करायचा नाही असं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं. माझी 2027 ला पुन्हा पासिंग आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बॉनेटच उघडून बघेल.

पैशांचं गणित वेगळं. मी ब्याजाचं कर्ज घेत नाही. इतरांनी काय करावं हे मी सांगत नाही, माझ्यापुरतं ठरवलेलं आहे. त्यामुळे "ही विका आणि हप्त्यावर नवी घ्या" हा सगळ्यांचा सल्ला माझ्या कामाचा नव्हता. शिक्षकांची वीस जणांची भिशी आहे, महिना पाच हजारांची, आणि मार्चला माझा नंबर होता. एक लाख. त्यात इंजिन बांधून होत होतं. वरचे दोन लाख म्हणजे लेकीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी ठेवलेले. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, या शब्दावर मी शाळेत मुलांना निबंध घालतो. तो शब्द त्या रात्री त्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. तरीही टर्बो मनातून जाईना, हेही लिहून ठेवतो.

शेवटी विद्यार्थ्यालाच पुन्हा फोन केला आणि विचारलं, "तुझी स्वतःची टर्बो गाडी आहे ना, ती तू रोज चालवतोस?"

तो हसला. "नाही सर, रोजच्याला स्कूटी आहे."

खोटं बोलू शकला असता, धंदा होता. बोलला नाही. मला त्याचा अभिमान वाटला, आणि प्रश्न तिथंच सुटला. मला सकाळी साडेनऊला इचलकरंजीत असायचं असतं.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे एक खोड लागली आहे, कुठलाही शब्द उलटून बघायची. मरम्मत अरबीतून आला, दुरुस्ती फारसीतून. दुरुस्त म्हणजे ठीक, जसं असायला हवं तसं. तंदुरुस्तीतला दुरुस्त तोच. मराठीने दुरुस्ती कामाला लावली आणि मरम्मत बहुतेक मार देण्यासाठी राखून ठेवली. मिस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, "तुमी मरम्मतच करत हुता सर इतकी वर्षं, गाडीची."

ते खरं निघालं. इंजिन उतरलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या रिंगा कार्बनने जाम झालेल्या, बोअरला उभे ओरखडे. हे अपेक्षित होतं. जे अपेक्षित नव्हतं ते हेडच्या बाजूला सापडलं. व्हीटेक म्हणजे काय, तर कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे असतात. हळू चालताना व्हॉल्व्ह बुटक्या उंचवट्यावर चालतात. आरपीएम वाढले की ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह उंच उंचवट्यावर, जास्त उघडून चालायला लागतात. गाडीचा खरा जोर तिथं आहे. सगळं ऑइलच्या दाबावर. त्या ऑइलच्या वाटेत एक बारीक जाळी असते आणि माझ्या गाडीची ती जाळी गाळाने पूर्ण बुजलेली होती. व्हीटेक चालूच होत नव्हतं. कधीपासून, अल्लाह जाणे.

मी म्हटलं, असं असेल तर डॅशबोर्डवर दिवा लागायला हवा होता. मिस्त्रींनी मीटर खोलला. दिव्याचा बल्बच नव्हता. आधीच्या कुठल्या तरी गॅरेजमध्ये कुणी तरी काढून टाकला होता. गिऱ्हाईक सारखं विचारतं ना, दिवा का लागतो म्हणून.

म्हणजे मी दोनशे घोडे विकत घ्यायला निघालो होतो आणि असलेले एकशे सहा कित्येक वर्षं तबेल्यातून बाहेरच आलेले नव्हते.

पुढचं काम हळू चाललं. पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन इथं मिळेनात. मस्कतचा मावसभाऊ ईदला सुट्टीवर येताना घेऊन आला, शीरखुर्म्याच्या आधी पिस्टनचा डबा उघडला गेला. मी म्हणत होतो, तोवर बोअर मारून ठेवा. मिस्त्री ऐकेनात. "पिस्टन हातात आल्याबिगर बोअर न्हाई. पिस्टन मापायचा, मग त्याच्या मापानं बोअर." प्रत्येक पिस्टनच्या मापाने बोअर, मग होनिंग, भिंतीवर तिरप्या बारीक रेघा उमटवल्या, कारण त्या रेघांत ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात. रिंगांच्या टोकांतली फट फीलर गेजने मोजली. इंजिन उतरलंच होतं म्हणून टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्लच प्लेटही घातली. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर टिकत नाही म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलल्या. बिल 1 लाख 8 हजार झालं. वरचे आठ बायकोने दिले आणि वहीत लिहून ठेवले. मधले सहा आठवडे एसटीने गेलो. नववीची पोरं मागच्या सीटवरून "सर, बुलेट ट्रेन कुठाय?" विचारायची.

पहिले हजार किलोमीटर मिस्त्रींनी साडेतीन हजार आरपीएमच्या वर जायला बंदी घातली. एकाच वेगाने रेंगाळायचं नाही, वेग कमीजास्त करत चालवायचं, पाचशेवर ऑइल बदलायचं. मी एवढा आज्ञाधारक घरातही नसतो.

हजार पुरे झाले त्या रविवारी फजरनंतर लेकीला घेऊन पन्हाळ्याकडे निघालो. रस्ता मोकळा होता. चढावर दुसरा गिअर ठेवला आणि पाय दाबत नेला. चार हजार, साडेचार, आणि पाचच्या आसपास आवाज बदलला, घसा मोकळा झाल्यासारखा. सीटने पाठ धरली. वेग सत्तरच्या आसपासच होता.

"अब्बा, हे काय होतं?" लेकीने विचारलं. "असं आधी कधी करायची नाही ही."

ती या गाडीत बसायला लागली तेव्हा तीन वर्षांची होती. आता सतरा. मी वर पोहोचेपर्यंत तिला कॅमचे उंचवटे समजावून सांगत होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती. तीन दरवाज्यापाशी गाडी लावली, इंजिन थोडं निवू दिलं, बॉनेट उघडून डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली. ऑइल वरच्या खुणेवर होतं.