तिला विचारायचं राहून गेलं

मी आशा आरोग्य कार्यकर्त्यांची गटप्रवर्तक आहे. राजूरच्या आसपासच्या गावांतल्या आशा, त्यांचे रिपोर्ट, त्यांच्या मीटिंगा आणि महिन्याचे क्लेम हे माझं काम. आमच्या गटातली एक आशा नैराश्याच्या आजारातून उठून कामावर परत आली, तेव्हा तिला पुन्हा कामात उभं करायची जबाबदारी माझी होती. ती मी नीट पार पाडली नाही. मनात तिचं भलंच होतं, पण मी घेतलेल्या एकेका निर्णयानं ती कामापासून लांब जात राहिली आणि शेवटी सोडूनच गेली. तिला विचारूनच हे लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असं काहीही देत नाही. इथे ती नुसती ताई.

मानसिक आजार हा विषय आम्हाला नवा नव्हता, त्यामुळे चूक जास्तच बोचते. भोकरदन तालुक्यातला हा सगळा भाग पावसाच्या भरवशावरचा. कापूस, सोयाबीन, मका घ्यायचा आणि आभाळाकडे बघायचं. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ साली राज्यानं मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आमचा जालना जिल्हाही होता. आशांनी शेतकऱ्यांच्या घरी जायचं, कुणाची झोप उडाली आहे का, कुणी बोलेनासं झालंय का हे बघायचं आणि गरज असेल त्याला दवाखान्यापर्यंत आणायचं. पुढे सीबॅकचा फॉर्म आला. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तो आशा भरते. बीपी, साखर, कॅन्सर यांच्या प्रश्नांनंतर शेवटच्या भागात मनाचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? दर प्रश्नाला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज तीनच्या वर गेली की त्या माणसाला पुढे पाठवायचं.

ताईनं हे दोन प्रश्न गावात घरोघर विचारले होते. तिचे फॉर्म मी तपासत होते. ते दोन प्रश्न तिला विचारावेत, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नाही.

लक्षणं समोर होती. एरवी तिची डायरी गटात सर्वांत नीट. गरोदर मातांची यादी, बाळांच्या भेटी, टीबीच्या गोळ्या, सगळं रकान्यात चोख. मग बाळाच्या भेटींच्या पानावर तारखा चुकायला लागल्या. एका बाळाच्या सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या भेटीला तिनं एकच तारीख टाकली होती, पुढच्या ओळी कोऱ्या. मीटिंगमध्ये ती मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. मी तिला एकदाही बाजूला घेतलं नाही. उलट ज्यांचे रिपोर्ट बाकी आहेत त्यांची यादी मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे, त्यात दर वेळी तिचं नाव वर असायचं. वरून मला विचारणा व्हायची, मी खाली ढकलायचे. कोरोनाच्या काळापासून आम्हा सगळ्यांना याच पद्धतीची सवय लागली होती. कामात ढिलाई, एवढाच अर्थ मी लावला.

मग एके दिवशी तिच्या घरच्यांनी तिला जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. मनोविकाराच्या डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. काही महिने ती घरीच होती. तिचं गाव शेजारच्या गावच्या आशेनं सांभाळलं. तेवढ्या काळात ताईच्या खात्यात जवळजवळ काही आलं नाही, कारण आशेचं पद मानद आहे. केलेल्या कामाचा मोबदला मिळतो आणि आजारपणाची पगारी रजा तिला लागू नाही.

बरं वाटायला लागल्यावर ती स्वतःच आली. म्हणाली, “मॅडम, घरात बसून डोकं जास्त खातंय. काम करते मी.” मला आनंद झाला, आणि तिथूनच माझ्या चुका सुरू झाल्या.

त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये मी तिला पुढे बोलावलं, हातात गुलाबाचं फूल दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “आपल्या ताई मोठ्या आजारातून बाहेर आल्यात, टाळ्या वाजवा.” टाळ्या वाजल्या. कुणीतरी शेजारणीला विचारलं, “काय झालं होतं वं त्यांना?” संध्याकाळपर्यंत गोळ्यांचं नावसुद्धा गावात पोचलं. तोपर्यंत तिनं आजाराबद्दल फक्त घरात, डॉक्टरांना आणि मला सांगितलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलेला आहे, तो मला ठाऊक होता. पण तो कागद दवाखान्यातल्या लोकांसाठी आहे असं मी धरून चालले. ज्या माहितीवर फक्त तिचा हक्क होता, ती मी सत्कार म्हणून वाटून टाकली.

दुसरी चूक कामाच्या वाटपात झाली. ती “करते” म्हणाली म्हणून मी जुनं सगळं काम एकदम तिच्यावर टाकलं. राहिलेले सीबॅक, आयुष्मान कार्डांची यादी, कुष्ठरोगाचा सर्व्हे, सगळंच. त्यात अंगारकी आली. मंगळवारी येणाऱ्या संकष्टीला राजुरेश्वराच्या दर्शनाला लाखो माणसं येतात. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी हे एक पीठ, त्यामुळे आदल्या रात्रीपासूनच जालन्याकडून पायी येणाऱ्यांचे जथे लागतात. त्यांच्यासाठी रस्त्यावर पाणी, फराळ आणि प्रथमोपचाराची सोय असते. त्या रात्रीच्या ड्युटीत मी ताईचं नाव घातलं. वाटलं, देवाचं काम आहे, चार माणसांत राहील, तिला बरं वाटेल. पहाटेपर्यंत ती पायांच्या फोडांना मलमपट्ट्या करत होती. रात्रीची गोळी चुकली, झोप चुकली. नैराश्यातून उठणाऱ्या माणसाला झोप ही औषधाइतकीच गरजेची असते, हे मीच आशांच्या प्रशिक्षणात सांगितलेलं वाक्य. पुढचे कितीतरी दिवस ती सावरली नाही.

लसीकरणाच्या सत्राला ती उशिरा यायला लागली. “सकाळी डोकं जड राहतं, मॅडम, उठावंच वाटंना,” असं ती एकदा म्हणाली. काही गोळ्यांनी अशी गुंगी राहते. डॉक्टरांशी बोलून वेळ बदलता आली असती, निदान तिचं सकाळचं काम मला दुपारकडे सरकवता आलं असतं. मी तिच्या नवऱ्याला फोन केला. “भाऊ, ताई गोळ्या नीट घेतात का? लक्ष ठेवा.” तिच्याविषयी काही विचारायचं असलं की मी त्यालाच विचारायला लागले. चाळिशीची बाई, गावातल्या कितीतरी बाळंतपणांना रात्री-अपरात्री उभी राहिलेली, आणि मी तिच्याशी बोलायचं सोडून तिच्या पालकाशी बोलावं तशी वागत होते.

याच सुमारास आमचं मानसिक आरोग्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. परत आल्यावर ते आशांना मी शिकवलं. लक्षणं, गैरसमज, हेल्पलाइनचे नंबर, सगळं फळ्यावर लिहिलं. समजावताना म्हणाले, “आपल्यातलीच एक जण यातून गेली आहे, बघा.” नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. प्रशिक्षणात आजार ओळखायला शिकवलं होतं. आजारातून परत आलेल्या सहकाऱ्याशी दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वागायचं, यावर त्यात एक ओळ नव्हती. ती ओळ नाही याची मलाही खंत वाटली नाही, कारण ती गरज आपल्यातच आहे असं मला वाटतच नव्हतं.

सगळ्यांत मोठी चूक यानंतरची. तिला त्रास होतोय हे दिसल्यावर मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले. उपकेंद्रात बसलो होतो. मी म्हणाले, “ताई, तुम्ही आता पूर्ण आराम करा. नव्या बाळांच्या भेटी शेजारची ताई करेल.” आणि टेबलावरची तिची आशा डायरी मी उचलून पिशवीत टाकली. डायरीत मातांच्या तारखा होत्या, त्या दुसरीला लागणार होत्या, माझ्या हिशोबानं सरळ गोष्ट. ती डायरीकडे बघत राहिली आणि “बरं” म्हणाली. एका बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंतच्या सगळ्या भेटी झाल्या की आशेला २५० रुपये मिळतात. तेही गेले. पण त्याहून जास्त काही गेलं. गावात बोललं गेलं की हिचं डोकं ठीक नाही म्हणून मॅडमनं बाळाला हात लावू दिला नाही. मी काहीच स्पष्ट केलं नव्हतं, त्यामुळे लोकांनी लावलेला अर्थ खोडायलाही जागा नव्हती.

थोड्याच काळात तिनं राजीनामा दिला. मी आग्रह केला, ती हसली, आली नाही.

बऱ्याच काळानं मी तिच्या घरी गेले आणि तोपर्यंत जे केलं नव्हतं ते केलं. विचारलं, “माझं काय चुकलं?” तिनं राग धरला नव्हता. म्हणाली, “जास्त काम दिलं त्याचं काही नाही, मॅडम, ते मीच मागितलं. पण तुम्ही डायरी नेली ना, त्या दिवशी वाटलं, झालं आता. आपण कायमच गेलो.” मग जरा थांबून म्हणाली, “मला फक्त सकाळच्या जागी दुपार पाहिजे होती. अन् बाळांच्या भेटी ठेवायच्या होत्या. त्यानं बरं वाटायचं.” तिला सोसणारं काम कोणतं आणि न सोसणारं कोणतं, हे तिला पक्कं माहीत होतं. मी न सोसणारं आधी दिलं आणि सोसणारं काढून घेतलं.

यानंतर मी वाचायला लागले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नैराश्य आणि चिंतेमुळे जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, असा त्यांचा अंदाज आहे. त्या सूचनांमधल्या दोन गोष्टी मी वहीत उतरवून ठेवल्या. एक, वरिष्ठांना प्रशिक्षण द्या, म्हणजे हाताखालच्या माणसाचा त्रास त्यांना ओळखता येईल आणि त्रास देणाऱ्या कामाच्या पद्धतीही बदलता येतील. दोन, आजारातून परतणाऱ्याचे उपचार आणि त्याच्या कामातले बदल एकमेकांना धरून चालवा. आमच्याकडे उपचार जालन्यात चालले होते, कामाचं वाटप मी राजुरात करत होते, आणि दोन्हींचा मेळ घालू शकणारी एकमेव व्यक्ती म्हणजे ताई. तिला कुणीच विचारत नव्हतं.

पुढे आमच्या गटातली आणखी एक जण घरातल्या मृत्यूनंतर खचली आणि उपचार घेऊन परतली. या वेळी मी आधी तिच्या घरी गेले, एकटी. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, हे तिनं ठरवलं. “घरच्या कारणानं सुटीवर होते” एवढंच बाकीच्यांना सांगायचं ठरलं, तेवढंच मी सांगितलं. कामांची यादी समोर ठेवली आणि तिलाच खुणा करायला लावल्या: लगेच घेणार, पुढच्या महिन्यात घेणार, सध्या नको. बाळांच्या भेटी तिनं पहिल्या खान्यात ठेवल्या, रात्रीच्या ड्युट्या शेवटच्या. डॉक्टरांच्या तारखेला मीटिंग येणार नाही हे बघितलं. दर आठवड्याला थोडा वेळ बसून यादी पुन्हा बघायचो. तीही एकदा घसरली, पुन्हा सुटीवर गेली, पुन्हा आली. डायरी सगळा काळ तिच्याच घरी होती. आज ती काम करते आहे. यात खर्च काही नव्हता. मला माझी सवय तेवढी मोडावी लागली.

पण गटप्रवर्तकाच्या चांगुलपणावर हे सोडून चालणार नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही खाली आणता येत नाही, आणि कायद्याच्या यादीत मानसिक आजारही आहे. आशा कर्मचारी धरली जात नाही, म्हणून ही ढाल तिच्यापर्यंत येत नाही. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. दुसऱ्यांच्या घरातलं दुःख शोधायला आपण त्यांनाच पाठवतो. त्यांच्यातली एखादी आजारी पडली तर उपचाराच्या काळात तिला ठरावीक मोबदला मिळाला पाहिजे, तिचं गाव तिच्या नावावर राहिलं पाहिजे, आणि परतल्यावरचे पहिले काही महिने कमी कामातही मोबदला पुरा मिळाला पाहिजे. आणि प्रशिक्षण आशांच्या आधी आम्हा गटप्रवर्तकांना, तालुक्याच्या समूह संघटकांना आणि डॉक्टरांना द्या. चुका आमच्या हातून होतात, भोगावं त्यांना लागतं.

ज्या आशा हे वाचत असतील त्यांना एक सांगते. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर तुम्ही गावात सगळ्यांना देता. तो चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो तुमच्यासाठीही आहे. आणि माझ्यासारख्या ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांना एवढंच सांगणं: परत आलेल्या माणसाचं कोणतंही काम वाढवण्याआधी किंवा काढण्याआधी त्याच्यासमोर बसा आणि त्यालाच विचारा. मी हे केलं असतं, तर आमच्या गटातली सगळ्यात नीट डायरी लिहिणारी आशा आज कामावर असती.