पुलिकतचं मुख

चेन्नईच्या उत्तरेकडच्या रानवट किनाऱ्यावर काय काय पाहावं, याची यादी संपादकांनी मागितली आहे. यादी करणं अवघड नाही. पळवेरकाडू, म्हणजे पुलिकत गावात डचांची जुनी दफनभूमी आहे आणि 1613 साली त्यांनी बांधलेल्या गेल्ड्रिया किल्ल्याचे अवशेष आहेत. पुढे सरोवरात हिवाळ्यात रोहित उतरतात. नेलापट्टूच्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर झोळीवाले घरटी करतात. श्रीहरिकोट्याचं जंगल बाहेरच्या माणसाला आतून पाहता येत नाही. अवकाश केंद्राच्या पहाऱ्यामुळे ते बऱ्यापैकी शाबूत राहिलं, हेही नोंदवायला हवं. पण किनारी पाणथळींचा अभ्यास करणारा माणूस म्हणून मला ही यादी अपुरी वाटते. यातले पक्षी आणि इथली मासळी ज्या एका जागेवर अवलंबून आहेत, ती कोणत्याच यादीत नसते. ती जागा म्हणजे पळवेरकाडूजवळ सरोवर जिथे समुद्राला मिळतं ते मुख.

पुलिकत हे चिल्कानंतरचं देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं खाजण सरोवर आहे. विस्तार शेकडो चौरस किलोमीटर असला तरी सरासरी खोली मीटरभरच भरते. अरणी, कालंगी आणि स्वर्णमुखी या नद्यांचं पाणी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात येतं. एरवी त्या जवळजवळ कोरड्या असतात. मुंबईच्या वाचकाला भरती म्हणजे उधाणाला चार-पाच मीटर चढणारं पाणी. इथे हा फरक मीटरभराच्या आसपासच असतो. एका भरती-ओहोटीत किती पाणी आत-बाहेर करतं, त्यावर मुखाची रुंदी ठरते. पाणी थोडं, म्हणजे वाळू ढकलायचं बळही थोडं. पावसाळ्यात नद्यांचा लोंढा आतून रेटा देतो आणि मुख मोकळं करतो. मार्चनंतर तो रेटा संपतो, नैर्ऋत्येच्या लाटा किनाऱ्यालगतची वाळू उत्तरेकडे वाहून आणतात आणि मुखाशी दांडा वाढू लागतो. होड्यांचे तळ घासू लागतात, कोळंबीची पिल्लं आत यायची वाट अरुंद होते आणि सरोवराच्या उत्तरेकडच्या उथळ भागात पाणी आटून मिठाचा थर दिसू लागतो.

तो थर पाहून दरवर्षी कुणीतरी ‘सरोवर मेलं’ असं जाहीर करतं. हा गैरसमज मला फार खुपतो. काठोकाठ भरलेलं पाणी म्हणजे निरोगी सरोवर, ही समजूत धरणाच्या जलाशयावरून आलेली आहे. रोहित उथळ, खाऱ्या पाण्यावर जगतो. तो चोच उलटी करून पाण्यात घालतो, जीभ दट्ट्यासारखी पुढे-मागे करत चिखलाचं पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांतून गाळून बाहेर सोडतो; मागे उरतात शेवाळ आणि सूक्ष्म कवचधारी जीव. पाणी फार खोल झालं की रोहिताला तळ गाठता येत नाही. झोळीवाल्याला मात्र मासे हवेत, म्हणून तो नेलापट्टूहून सरोवरावर चारा शोधायला येतो. मच्छीमारांनी तर ‘पाडू’ पद्धतीत पाण्याच्या जागा पाळीपाळीने वाटून घेतल्या आहेत. चांगली जागा कायम एकाच्याच वाट्याला जाऊ नये, हा त्यामागचा न्याय. आटणं आणि भरणं ही सरोवराची नेहमीची चाल आहे. काळजी करावी ती मुख लवकर बुजण्याची आणि जास्त दिवस बुजून राहण्याची.

इथून पुढे आमच्यातला जुना वाद सुरू होतो. मुखाच्या दोन्ही बाजूंना समुद्रात दगडी बांध घालून ते कायमचं उघडं ठेवावं, अशी मच्छीमारांची मागणी आहे. मच्छीमारांचं दुःख खरं आहे, त्यांची निकडही खरी आहे, आणि वर्गात बसून त्यांना धीर धरायला सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या बाजूने चिल्काचा दाखला दिला जातो. तिथे 2000 साली नवं मुख खोदलं, खारटपणा सावरला, मासळी वाढली आणि 2002 मध्ये चिल्काचं नाव संकटग्रस्त पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय नोंदीतून निघालं. हे यश निर्विवाद आहे. पण चिल्काला महानदीच्या शाखांचं पाणी मिळतं. पुलिकतच्या नद्या त्या तोडीच्या नाहीत. दुसरं म्हणजे दगडी बांध वाळू नाहीशी करत नाही, अडवतो. चेन्नई बंदराच्या भिंतींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हेच केलं: दक्षिणेला मरिनाची चौपाटी रुंदावली आणि उत्तरेला रायपुरमचा किनारा खचत गेला. पुढे एन्नोर आणि काट्टुपळ्ळीची बंदरं झाली. आता पुलिकतच्या मुखाशी बांध घातला, तर त्याच्या उत्तरेकडच्या चिंचोळ्या किनारपट्टीला वाळू कोण देणार? आधीच अशक्त असलेली ती पट्टी दुसरीकडे फुटली, तर बांधलेल्या मुखातून पाणी वळवून आपण काय मिळवलं?

यावर ‘मग काहीच करू नका म्हणता का?’ असं विचारलं जातं. तसं मी म्हणत नाही. पाऊस ओसरल्यावर दांडा वाढू लागताच गाळ काढावा, आणि काढलेली वाळू विकू नये, मुखाच्या उत्तरेला पुन्हा किनाऱ्यावर टाकावी. हे काम दरवर्षी करावं लागेल, खर्चही दरवर्षी येईल आणि त्याचं उद्घाटन करायला कुणी येणार नाही. बांध घालायचाच ठरला, तर वाळू पलीकडे नेण्याची सोय त्याच आराखड्यात हवी. मुखाची एवढी काळजी कशाला, पर्यटनानेही रोजगार येतो, हा आक्षेपही मला मान्य आहे. पण कोळंबी हातची गेली तर होडी फिरवून मिळणारं उत्पन्न दोन-तीन महिन्यांचंच ठरेल. अडचण कारभाराची आहे. सरोवराचा बहुतांश भाग आंध्र प्रदेशात आणि हे मुख तमिळनाडूच्या हद्दीत, म्हणून पाण्याचा खारटपणा एकीकडे आणि वाळूचा हिशेब दुसरीकडे अशी स्थिती होते. दोन्ही राज्यांनी मुखाची रुंदी, खोली आणि आतला खारटपणा महिन्याच्या महिन्याला एकत्र मोजून प्रसिद्ध केला, तर बांधाबद्दलचं माझं मत चुकीचं ठरवायलाही तोच पुरावा पुरेल, आणि ते मत बदलायला माझी ना नाही.