यान्तायचे द्राक्षासव

चीन म्हटले की आपल्यापुढे चहाचा पेला उभा राहतो. आणि द्राक्षासव म्हटले की आपल्या घरांत आठवते ती औषधांच्या कपाटातली तपकिरी बाटली. जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्याबरोबर, ही आजीची आज्ञा. या दोन्ही समजुतींना धक्का देणारे एक शहर चीनच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. त्याचे नाव यान्ताय. शान्तुंग प्रांताचा जो भूभाग एखाद्या उंटाच्या मानेसारखा समुद्रात शिरला आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यावर हे बंदर वसले आहे. गेली सव्वाशेहून अधिक वर्षे तेथे द्राक्षांपासून मद्य तयार होते, आणि चीनमधील आधुनिक द्राक्षमद्याचा उगम याच शहरात झाला असे मानतात.

कुटुंबाच्या मासिकात मद्याविषयी लिहावे काय, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. त्यातून आम्ही पडलो शाळामास्तर, आणि राहतो बडोद्यात, म्हणजे दारूबंदीच्या राज्यात. तथापि यान्तायमध्ये जे पाहिले आणि जे चाखले, त्याचा संबंध नशेशी फारच थोडा होता. तो मातीशी, वेलीशी आणि स्थलांतराशी होता. आणि स्थलांतर हा विषय आपल्यासारख्या घराण्यांना परका नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता छिंगदाव येथे आमच्या भाच्याकडे गेलो होतो. यंत्रसामग्रीच्या व्यापारानिमित्त तो त्या काळी तेथे राहत असे. छिंगदावची ख्याती जर्मनांनी १९०३ साली सुरू केलेल्या बिअरच्या कारखान्यामुळे. "बिअर सगळेच पाहतात, मामा. तुम्हांला इतिहासाची हौस. आपण यान्तायला जाऊ," असे भाचा म्हणाला, आणि आगगाडीने आम्ही दोन तासांच्या आत तेथे पोहोचलो.

'यान्ताय' या शब्दाचा अर्थ धुराचा बुरूज. १३९८ साली, मिंग राजवटीत, समुद्री चाच्यांची चाहूल लागताच धूर करून इशारा देण्यासाठी येथील टेकडीवर बुरूज उभारण्यात आला. त्यावरून गावाचे नाव पडले. पुढे १८६१ मध्ये हे बंदर परकीय व्यापारास खुले करावे लागले. त्या टेकडीवर निरनिराळ्या राष्ट्रांच्या वकिलातींच्या जुन्या इमारती आजही झाडांच्या सावलीत उभ्या आहेत. जे परकीय आले त्यांनी तोफांप्रमाणे रोपेही आणली. आज साऱ्या चीनमध्ये नावाजलेली यान्तायची सफरचंदे अमेरिकन मिशनरी नेव्हियस यांनी १८७१ साली आणलेल्या कलमांपासून सुरू झाली. द्राक्षांची कथा मात्र निराळी आहे. ती आणली एका चिनी माणसानेच. पण तोही परदेशातून परतलेला.

त्याचे नाव चांग बी-शी. क्वान्तुंग प्रांतातील गरीब घरातला हा मुलगा विशीच्या आतच घर सोडून डचांच्या ताब्यातील बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्तास गेला. अंगमेहनतीपासून सुरुवात करून व्यापार, मळे आणि जहाजे यांत त्याने अपार संपत्ती मिळवली. मलायातील पेनांग येथील त्याचा निळ्या रंगाचा वाडा आजही प्रवासी पाहतात. बटाव्हियात एका फ्रेंच वकिलाने त्याला सांगितले की, आमचे सैनिक यान्तायला तळ देऊन होते तेव्हा तेथील द्राक्षांपासून त्यांनी चांगले मद्य काढले होते, अशी कथा तेथे सांगतात. हे वाक्य त्या व्यापाऱ्याने वीस वर्षे मनात जपले आणि १८९२ साली यान्ताय येथे कारखाना काढला. नाव ठेवले 'चांगयू'. 'चांग' हे आडनाव आणि 'यू' म्हणजे समृद्धी.

समुद्रालगतच्या 'ता मा लू' नावाच्या रस्त्यावर त्या जुन्या कारखान्याच्या जागी आता संग्रहालय आहे. खरे दर्शन घडते ते त्याखालच्या तळघरात. १८९४ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि पुरे व्हायला अकरा वर्षे लागली. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तळघर सात मीटर खोल, म्हणजे भरतीच्या पाण्याहूनही खाली. पहिल्या बांधणीतील पोलादी तुळया ओलीने गंजल्या. पाणी झिरपू लागले. पाडून पुन्हा बांधावे लागले. अखेर दगडी कमानींचे तळघर १९०५ साली उभे राहिले ते आजतागायत. सप्टेंबरच्या उकाड्यातून पायऱ्या उतरून खाली गेल्यावर देवळाच्या गाभाऱ्यात शिरावे तसा गारवा अंगाला लागला. दोन्ही बाजूंना ओक लाकडाची पिंपे ओळीने निजलेली. त्यांतली तीन इतकी प्रचंड की आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाक्या त्यांच्यापुढे घागरीसारख्या वाटाव्यात. हवेत ओले लाकूड, आंबलेले फळ आणि किंचित मध यांचा मिश्र वास.

कारखान्यास कारागीर हवा होता. पहिले काही प्रयत्न फसल्यावर ते काम ऑस्ट्रियाचे बॅरन मॅक्स फॉन बाबो यांच्याकडे आले. द्राक्षविद्या त्यांच्या घराण्यातच होती. यान्तायमध्ये ते आपल्या देशाचे वकीलही होते. युरोपातून शंभराहून अधिक जातींच्या वेली आणवल्या गेल्या. पण त्यांतील पुष्कळ वेली प्रवासात वा नव्या हवेत मेल्या. तेव्हा चीनच्या ईशान्येकडील थंडीला सरावलेल्या रानद्राक्षांच्या खोडावर युरोपीय वेलींची कलमे बांधण्यात आली, आणि ती जगली. मूळ चिनी, डहाळी युरोपची. पुढे १९१२ साली सन यत्-सेन येथे आले आणि त्यांनी स्वहस्ते प्रशस्ती लिहून दिली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात येथील मद्यांना सुवर्णपदके मिळाली. तेव्हापासून येथील एका ब्रँडीचे नावच 'सुवर्णपदक' असे झाले.

संग्रहालय पाहून झाल्यावर शेवटी चाखण्याचा ओटा येतो. पेल्यात जेमतेम दोन घोट असतात. आमच्या सौभाग्यवतींनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला, आणि गंभीरपणे निकाल दिला : "आपल्या द्राक्षासवाहून बरं आहे, पण गुळाची उणीव आहे." भाचा हसला, पण या निकालात तथ्य होते. गोडवा काढून घेतल्यावर उरते ती फळाची खरी चव, आणि ती जिभेवर बसायला थोडा वेळ लागतो.

मग खरेदी. संग्रहालयाबाहेरील दुकानात भिंतभर बाटल्या. किमती शंभर युआनपासून सुरू होऊन आमच्या मासिक वेतनापर्यंत चढत गेलेल्या. (त्या वर्षी एक युआन म्हणजे सुमारे दहा रुपये.) आम्हांला चिनी अक्षर येत नाही, म्हणून भाच्याने दोन अक्षरे ओळखायला शिकवली. 'गान होंग' म्हणजे कोरडी लाल, 'गान बाई' म्हणजे कोरडी पांढरी. 'गान' म्हणजे कोरडे, अर्थात जीत साखर उरलेली नाही अशी. हे अक्षर नसेल तर बाटली गोड निघण्याचा संभव फार. कारण यान्तायने अनेक दशके गोड मद्येच अधिक केली. विक्रेती बाई वयस्क आणि मायाळू होत्या. आमच्यासारख्यांना महाग बाटली गळ्यात मारणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र भाच्याला विचारले, "हे कशाबरोबर पिणार?" मासळीबरोबर, असे उत्तर मिळताच त्यांनी मधल्या फळीवरची एक पांढरी बाटली काढली. तिच्या द्राक्षाचे चिनी नाव 'ग्वै-रन-शियांग', म्हणजे थोर माणसाचा सुगंध. आणि एक तांबडी दिली, तिच्याविषयी पुढे सांगतो. दोन्ही मिळून तीनशे युआनांच्या आत. भाच्याने दूरध्वनी यंत्रासमोर धरला आणि व्यवहार झाला. आमच्या खिशातल्या नोटा खिशातच राहिल्या.

त्याच रात्री भाच्याच्या एका व्यापारी स्नेह्याने जेवायला बोलावले होते. शान्तुंग हा कन्फ्यूशियसचा प्रांत. तेथे पंगतीचे नियम आपल्या मुंजी-लग्नांतल्या मानपानापेक्षा कमी नाहीत. यजमान दाराकडे तोंड करून बसतो, मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. पेल्याला पेला लावताना धाकट्याने आपल्या पेल्याची कड वडिलधाऱ्याच्या पेल्याच्या कडेखाली ठेवायची. आमचे केस पांढरे पाहून सगळे पेले खाली खाली जाऊ लागले, आणि आम्हीही संकोचाने आमचा खाली नेला. दोन्ही पेले टेबलाला टेकायचेच राहिले होते.

येथेच 'गान' या अक्षराचा दुसरा अर्थ कळला. 'गान-बेई' म्हणजे पेला कोरडा करा, तळापर्यंत. ज्वारीपासून काढलेले जळजळीत 'बाईच्यू' ज्या रीतीने प्यायचे, त्याच रीतीने लाल द्राक्षमद्यही पुष्कळ पंगतींत रिते केले जाते. एकच अक्षर बाटलीवर चवीसाठी आणि तोंडी आले की रिकामेपणासाठी. आमच्या सौभाग्यवती मराठीत पुटपुटल्या, "काढाच हा. चव कळायची कधी?" भाच्याने त्याचे काय भाषांतर केले कोण जाणे, परंतु यजमान खळखळून हसले आणि म्हणाले, "सुई-यी." म्हणजे, आपल्या मर्जीप्रमाणे. हा शब्द ऐकला की घोटाघोटाने पिण्याची मुभा मिळते. त्या प्रदेशात जाणाऱ्याने हा एक शब्द अवश्य पाठ करून जावे.

त्या मुभेमुळे जेवणाची लज्जत वाढली. पानात आले ते मोदकासारखे उकडलेले, पण करंजीच्या आकाराचे पदार्थ. आत सारण सुरमईच्या जातीच्या एका माशाचे. सोबत काळा शिरका आणि लसूण. त्यावर त्या पांढऱ्या मद्याचा थंडगार घोट घेतला की माशाचा उग्रपणा निवळतो आणि सागराचा खारटपणा तेवढा जिभेवर राहतो. लिंबू पिळल्याने आपल्याकडे जे साधते, तेच येथे त्या आंबटसर घोटाने साधले.

तांबडी बाटली दुसऱ्या दिवशी भाच्याच्या घरी उघडली. तिच्या द्राक्षाचे चिनी नाव 'श-लोंग-चू', म्हणजे सर्प, ड्रॅगन आणि मोती. वासाला हिरव्या ढोबळ्या मिरचीची स्पष्ट छटा, चवीला किंचित तुरट. या वेलीची हकीकत आम्हांस साऱ्या प्रवासात अधिक मोलाची वाटली. कित्येक वर्षे ही वेल कोणत्या कुळातली हे नीट कोणास ठाऊक नव्हते. अलीकडच्या जनुकीय तपासणीत कळले की ही फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील 'कार्मेनेर'. एकोणिसाव्या शतकात मुळे खाणाऱ्या कीटकाने बोर्दोतील मळे उद्ध्वस्त केले. पुन्हा लागवड करताना तेथील शेतकऱ्यांनी ही लहरी, उशिरा पिकणारी जात जवळजवळ सोडूनच दिली. मायदेशी ती नामशेष झाली असे लोक समजून चालले. तिकडे दक्षिण अमेरिकेत चिली देशात ती भलत्याच नावाने वाढत होती, हे १९९४ साली उघडकीस आले. आणि इकडे यान्तायच्या टेकड्यांवर ती सर्प-ड्रॅगन-मोती होऊन फळत होती.

हे ऐकल्यावर आम्ही बडोदेकर काही वेळ गप्प राहिलो. गायकवाडांच्या मागोमाग आलेली आपली घराणी, तंजावरकडे गेलेली त्याहून जुनी घराणी, इंदूर-ग्वाल्हेरची मंडळी, यांना आजही कोणी ना कोणी विचारतोच : "तुम्ही मूळचे कुठले?" पुण्याचा पाहुणा आपल्या घरी येतो आणि आपल्या बोलण्यातला एखादा शब्द ऐकून चमकतो, तो शब्द त्याच्या पणजीबरोबर त्याच्या घरातून गेलेला असतो. आपण मात्र त्याला गुजराती उच्चाराची पालवी फुटू देऊन सांभाळलेला असतो. आपल्या मुलांचे मराठी शुद्ध राहिले नाही म्हणून आपण हळहळतो, आणि ती हळहळ खोटी नाही. परंतु कलमाची रीत अशी की खालचे खोड स्थानिक असल्यावाचून वरची डहाळी जगत नाही. ज्या वेली मुळांसकट आणल्या होत्या, त्यांतल्याच पुष्कळ यान्तायला मेल्या.

आम्ही यजमानांना विचारले होते, "हे मद्य फ्रेंच म्हणायचे की चिनी?" प्रश्न त्यांना नीटसा कळलाच नाही. "हे यान्तायचे आहे," असे ते म्हणाले, आणि पुढचे ताट आमच्याकडे सरकवले. फ्रेंचांनाही आता ही माती पटली आहे. बोर्दोच्या लाफित घराण्याने यान्तायजवळच्या पन्गलाय येथील डोंगरउतारावर मळा लावून २०१९ सालीच आपले पहिले मद्य बाजारात आणले. चीनमध्ये द्राक्षमद्याचा खप मात्र अलीकडच्या वर्षांत घटत चालला आहे, तेव्हा या मळ्यांचे भवितव्य सोपे नाही.

निघताना भाच्याने आग्रह केला, "मामा, एक बाटली तरी न्या." आम्ही नेली नाही. ज्या राज्याच्या शाळेत आम्ही मुलांना नियम शिकवतो, तेथील नियम आम्हांसही लागू. उरलेली पांढरी बाटली त्याच्याच कपाटात राहिली. सौभाग्यवतींनी तिच्यावरच्या तीन चिनी अक्षरांची नक्कल तेवढी आपल्या वहीत करून घेतली. मंडळाच्या कोजागरीला मित्रांनी "चीनहून काय आणलेत?" म्हणून विचारले, तेव्हा आम्ही वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी पुढे केल्या, आणि मसाला दुधाचे पेले हातात घेऊन मंडळींनी सर्प-ड्रॅगन-मोत्याची ही हकीकत ऐकली. पेले कोणी एका दमात कोरडे केले नाहीत. सुई-यी.