हातगुण

२०११ साली राजापूरचे घर धाकट्या काकांवर सोपवून आई सोलापूरला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा डबेच जास्त होते. त्यांतला एक चुलीच्या राखेने भरलेला. "राख काय सोलापुरात मिळत नाही?" सौभाग्यवतींनी मला आत बोलावून विचारले. मी म्हणालो, "राजापूरची मिळत नाही."

आईची दोडकी, पडवळे, भेंडी शेणखतावर आणि या राखेवर वाढलेली. कोकणची तांबडी माती आंबट. तिच्यातला चुना आणि पालाश पावसाने वाहून जातो आणि राख दोन्ही परत करते. आईला हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते; पण वेल काय मागतो ते तिला कळे.

आमच्या अंगणातली माती काळी. पावसात चपलेला मणभर चिकटते आणि वैशाखात अशी भेगाळते की, पडलेली किल्ली सापडू नये! तिथे आईने भेंडी लावली आणि प्रत्येक आळ्यात ओंजळभर राख घातली. रोपे वीतभर झाली, अन् शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. आईने आणखी राख घातली. पाने पांढुरकी झाली.

"माझा हातगुण गेला रे," एवढेच ती म्हणाली. अंगणात जायचे तिने सोडून दिले. घर सोडताना जी रडली नाही, ती बाई चार रोपांपायी दिवसभर खिडकीशी बसून राहू लागली. मला काही सुचेना.

शेवटी शेतकीत नोकरी केलेले एक स्नेही आले. त्यांनी लिंबू मागितले; सौभाग्यवतींना वाटले, सरबतासाठी! त्यांनी अंगणातला एक पांढुरका खडा उचलून त्यावर ते पिळले. खड्यावर बारीक बुडबुडे आले.

"मावशी, ही चुनखडीची जमीन. तिच्यात राख म्हणजे खारट आमटीत आणखी मीठ. लोह मातीत आहे, पण चुन्यापायी मुळांना मिळत नाही. हातगुण शाबूत आहे तुमचा!"

आई पुढे सरकून त्या खड्याकडे किती तरी वेळ पाहत राहिली.

उपाय साधा होता. टोपलीभर कुजलेल्या शेणखतात मूठभर हिराकस कालवायचा, ओलसर करून दोनतीन आठवडे गोणपाटाखाली ठेवायचा, मग आळ्यात घालायचा. नुसता टाकला तर ही माती त्यालाही अडकवून ठेवते; शेणखताच्या सोबतीने तो मुळांच्या उपयोगी पडतो. कालवण आईने स्वतः केले. मला हात लावू दिला नाही.

नवी पाने हिरवी आली तशी तिने काकांना फोन लावला. "राखेचा डबा आता पाठवू नका हो भावोजी. आणि तिकडे कुणाचं ऐकून हिराकस घालाल, तर खबरदार! आपल्या तांबड्या मातीत लोखंडाला तोटा नाही!"

आणलेल्या राखेने तिने दिवाळीला देवांची भांडी घासली.