आमची फियाट आणि जर्मनीची जकात

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त आमच्या फियाटचं.

गाडी १९७८ ची, प्रीमियर पद्मिनी. हे गेल्यापासून अंगणातच उभी आहे. परवा हॅम्बुर्गहून मुलाचा फोन आला, "आई, गाडी मी इकडे आणतो. इथे जुन्या गाड्यांची फार कदर आहे."

मी जन्मभर मराठी शिकवलं, जकातीतलं मला काय कळणार! पण त्याने नीट समजावून सांगितलं. युरोपीय संघाबाहेरून गाडी आणली की १० टक्के आयातशुल्क. मग किंमत, जहाजाचं भाडं आणि ते शुल्क यांच्या बेरजेवर जर्मनीत १९ टक्के कर. पण गाडी 'संग्राह्य वस्तू' ठरली, तर शुल्क शून्य आणि कर फक्त ७ टक्के. समजा किंमत आणि भाडं मिळून ५००० युरो झाले, तर एकीकडे १५४५ युरो भरायचे आणि दुसरीकडे ३५०!

त्यासाठी वय किमान ३० वर्षं हवं, ते मॉडेल आता बनत नसावं आणि गाडी मूळ स्वरूपात असावी. झिजलेला भाग बदलून तसाच दुसरा घातला तर चालतं. इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग यांत मोठा फेरफार मात्र चालत नाही.

पहिल्या दोन विषयांत आम्ही पास, तिसऱ्यात नापास.

पेट्रोल परवडेना, म्हणून ह्यांनी १९९५ साली डिझेल इंजिन बसवून घेतलं. पुढे खांदा दुखायला लागला, तेव्हा स्टिअरिंगजवळचा गिअर खाली घेतला. त्यानंतरच त्या गाडीने मुलाला कॉलेजात पोचवलं, सासूबाईंना सांगलीहून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. हे बदल केले नसते तर ती केव्हाच भंगारात गेली असती.

मुलगा म्हणाला, "जुनं इंजिन शोधून बसवू. गिअरही परत वर नेऊ."

कायद्याने त्याचं बरोबरच आहे. पण मी विचारलं, "मग त्यात बाबांचं काय राहील रे?"

तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "आई, सध्या राहू दे तिथेच."

गाडी अजून अंगणात आहे. दर रविवारी शेजारचा मुलगा येऊन चालू करून जातो. आवाज ऐकला की बरं वाटतं.

तुम्ही काय केलं असतं? जरूर कळवा.