कलचाचणीचा कागद हातात आल्यावर

तुमच्या घरात यंदा कोणी दहावीला आहे का? असेल तर "पुढे काय?" हा प्रश्न निकालाच्या आधीच सुरू झाला असेल. शेजारचे काका इंजिनिअरिंग सुचवतात, आत्याला घरात एक डॉक्टर हवा असतो, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे तो बिचारा खाली मान घालून पोहे खात असतो. मग कोणीतरी म्हणतं, "एकदा ॲप्टिट्यूड टेस्ट करून घ्या." जरूर करून घ्या. फक्त त्या कागदाकडून काय अपेक्षा करायची, हे समजून घ्या.

गेल्या वर्षी इंदूरला माझ्या ताईकडे असा कागद आला. भाची दहावीत होती. भावोजींनी तिच्यासाठी कोट्याच्या 'नीट'च्या क्लासची चौकशी केली होती. दोन वर्षांची फी, होस्टेल, मेस, सगळा हिशेब डायरीत तयार होता. पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरायचा होता. तेवढ्यात शाळेतल्या समुपदेशक बाईंनी चाचणी घेतली. आवडींच्या यादीत तांत्रिक क्षेत्र आणि ललित कला वर, आरोग्यक्षेत्र चौथं. क्षमतांमध्ये आकार मनातल्या मनात फिरवून पाहण्याची क्षमता सगळ्यांत चांगली, भाषिक तर्क मात्र बराच खाली. भावोजींनी मला फोन केला, "म्हणजे ही नापास झाली का?" मी शिक्षिका, असे अहवाल नेहमी पाहते. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

या चाचणीत पास-नापास नसतं. काय आवडतं ते कलचाचणी सांगते. काय शिकायला सोपं जाईल याचा अंदाज अभिक्षमता चाचणी देते. आजवर काय शिकून झालं ते मार्क सांगतात. गाणं आवडणं वेगळं, गळ्यात सूर असणं वेगळं आणि संगीताच्या परीक्षेत गुण मिळणं आणखी वेगळं. तिन्ही शेजारी ठेवून पाहिलं तरच काही उमगतं. आरोग्यक्षेत्र चौथं आलं म्हणजे मुलगी डॉक्टर होऊच शकत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र सुरू केलं. स्वतःला ओळखा, कामं ओळखा आणि मग दोन्हींची सांगड घाला, हे त्यांचं सूत्र. १९२७ मध्ये एडवर्ड स्ट्राँग यांची प्रश्नावली आली. एखाद्या व्यवसायात रमलेल्या लोकांच्या आवडीनिवडी तुमच्याशी किती जुळतात, हे ती पाहायची. पण ती आधी पुरुषांसाठीच होती. बायकांसाठी वेगळी प्रश्नावली १९३३ मध्ये आली आणि दोन्ही एक व्हायला १९७४ उजाडलं. चाचणीतही काळाची नजर उतरते, ती अशी. म्हणून मुलीच्या कागदावर 'तांत्रिक' वर आलं तर "मुलीला हे कसं झेपेल?" असं पटकन म्हणू नका.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. त्यात कृषी, वाणिज्य, आरोग्य अशी सात क्षेत्रं होती. सीबीएसईने २०१९ मध्ये नववी-दहावीसाठी 'तमन्ना' ही अभिक्षमता चाचणी आणली. ती ऐच्छिक आहे आणि तिच्या आधारे कोणावर विषय लादायचे नाहीत, हे त्यात स्पष्ट आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. भाची घरात मराठी बोलते, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी. चाचणी इंग्रजीत होती. मग भाषिक तर्काचा आकडा खाली आला तो तर्कामुळे की इंग्रजीमुळे? हे समुपदेशकांना विचारायलाच हवं. चाचणी मुलाच्या सोयीच्या भाषेत मिळत असेल तर तीच घ्या.

शिवाय मुलाने जे काम कधी पाहिलंच नाही, ते आवडतं असं ते कसं सांगणार? आणि उत्तरं देताना बाबा मागे उभे असतील, तर कागदावर बाबांचीच आवड उमटते.

भावोजींनी शेवटी विचारलं, "मग फी भरू की नको?" मी म्हटलं, "याचं उत्तर कागदात नाही. तिला विचारलंत का?" त्या रात्री पहिल्यांदा तिला कोणी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मला रक्ताची भीती नाही वाटत. पण गणित सोडावं लागेल ना, ते नको वाटतं."

हप्ता भरला नाही. तिने इंदूरलाच अकरावीत गणित घेतलं. सुट्टीत पंधरा दिवस ओळखीच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बसली. तिथल्या नकाशांपेक्षा बांधकामाच्या साइटवर ती जास्त रमली. अजून तिचं पक्कं ठरलेलं नाही. भावोजींनाही सगळं पटलेलं नाही आणि ते तसं बोलून दाखवतात. पण आता बोलणं तिच्याशी होतं, तिच्याविषयी नाही.

तुमच्याकडे असा कागद आला, तर आधी मुलाला वाचू द्या. "यातलं काय पटतं, काय पटत नाही?" एवढंच विचारा आणि ऐका. वर आलेल्या दोन-तीन क्षेत्रांत काम करणाऱ्या माणसांना भेटवा, त्यांचा एक दिवस पाहू द्या. फीचा चेक त्यानंतर लिहा.