मोठ्या माणसाची मिसिंग

20 जुलै 2023 ला सकाळी गल्लीतल्या बऱ्याच जणांचे मोबाईल एकदमच किंचाळले. सरकारची आपत्ती-इशाऱ्याची चाचणी. बायका हसत सुटल्या. माझं डोकं फिरलं. म्हणजे सोय आहे की!

वडील आदल्या उन्हाळ्यात हरवले होते. उभा जन्म मागावर गेलेला, आता विसरायचा आजार. सोलापुरात अशोक चौकात चहाला म्हणून निघाले ते गेलेच. पोलीस ठाण्यातल्या अंमलदारानं मान वर न करता वय विचारलं.

"बहात्तर."

"मग येतील की. घरात भांडण?"

"नाही."

"सुनेचं काही?" सून शेजारीच उभी होती. "पैसे घेऊन गेलेत?"

आजाराचे कागद पुढे केले. ते त्यानं उलटे धरले, तसेच परत दिले. "रात्रभर वाट बघा. सकाळी मिसिंग घेऊ." अशी वाट बघायचा नियमच नाही, हे पुढं कळलं.

बायको म्हणाली, "लेकरू असतं तर?"

"लेकराचं वेगळं असतंय, ताई."

आहेच वेगळं. सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या आदेशानं अठराच्या आतलं मूल हरवलं की अपहरण धरून गुन्हा नोंदवायचा असतो. बहात्तरीतलं लेकरू त्यात बसत नाही. तशा मोठ्यांना शोधायच्याही सोयी आहेत. पंढरपुरात आषाढीला चुकामूक झालेली म्हातारी नावगावासकट भोंग्यावरून पुकारतात. जिल्ह्यातल्या खेड्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे; टोल-फ्री नंबरवर बोललं की तुमच्याच आवाजात गावभर फोन वाजतात. आम्ही शहरातले, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि रात्रभर एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी कुंभारीच्या एका टपरीवाल्यानं त्या फोटोवरून ओळखलं. वडील त्याच्याशी आमच्या घरच्या तेलुगूतच बोलत होते. मराठी त्या दिवशी गेलीच होती. फोटो मात्र अजून फिरतोय. "सापडले का हो?" म्हणून परवा विजापूरहून फोन आला. सरकारी इशारा असता तर सापडल्यावर बंद तरी करता आला असता.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अशा हरवलेल्या म्हाताऱ्यांसाठी सिल्व्हर अलर्ट नावाचा इशारा आहे. इथंही हवा, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. मग गल्लीतली एक बाई नाहीशी झाली. नवऱ्यानं तिचाही फोटो फिरवला. ती मार चुकवून, स्वतःच्या पायानं गेली होती. सगळ्या सोलापूरचे फोन वाजले असते तर तिला धरूनच आणलं असतं.

म्हणजे भांडणाचा तो प्रश्न बरोबरच होता, असं आता मीच म्हणतो. पण कागद उलटे धरायचं काय कारण होतं?